जर्मनीत स्वस्तात राहायचं आणि नीट जेवायचं: काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स सुरू होतंय, व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो हातात येणार, घरून आणखी पैसे मागवायचे नाहीत. एवढ्यात भागेल का, की दोन वर्षं ब्रेड आणि नूडल्सवर काढावी लागतील? आणि बॅगेत किती किराणा भरून न्यावा?

भागतं. म्युनिकसारखी एक-दोन शहरं सोडली तर व्यवस्थित भागतं आणि जेवणही चांगलं होतं. मी इथे विद्यार्थिनी म्हणून आले, पुढे नोकरी, संसार सगळं इथेच झालं. दर शरद ऋतूत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना खोली शोधण्यापासून पोळीच्या पिठापर्यंत मदत करत असते. त्यावरून एक सांगते. नवीन माणूस नको तिथे काटकसर करतो. दुधाच्या पिशवीत दहा सेंट वाचवायला दोन दुकानं फिरतो, आणि नीट न वाचता सही केलेल्या कराराचे महिन्याला वीस-तीस युरो मुकाट्याने भरत राहतो. इथे कच्चं अन्न खरोखर स्वस्त आहे. बटाटे, गाजर, कोबी, दूध, पीठ, ओट्स हे सगळं किलोला किंवा लिटरला साधारण एक-दीड युरोत बसतं. महाग आहे ते घर, माणसाची मजुरी, आणि न उघडलेली पत्रं. म्हणून पैसे वाचवायचे ते भाड्यात आणि करारांत. जेवणात हात आखडायचं कारण नाही.

आधी ढोबळ हिशोब. मध्यम शहरात शेअर्ड फ्लॅटमधली खोली ४२० युरो धरा, विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, जेवण २००, फोन १०, सेमिस्टरची फी महिन्यावर वाटली तर ५०, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीतला तुमचा वाटा ६, लायबिलिटी विमा ५. झाले ८४१. दीडशे युरो उरतात, त्यात कपडे, प्रवास, एखादा सिनेमा आणि अचानक येणारं बिल. मात्र हे गणित पूर्णपणे भाड्यावर उभं आहे. म्युनिकमध्ये तशाच खोलीला सातशे-आठशे जातात, आणि केमनिट्झ, हाले, माग्देबुर्ग अशा पूर्वेकडच्या शहरांत साडेतीनशेच्या आतही मिळून जाते. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला असेल आणि अभ्यासक्रम तोडीस तोड असतील, तर रँकिंगइतकंच भाडंही बघा. वर्षभरात होणारा फरक जेवणातून कधीच भरून निघत नाही.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. तुलना नेहमी वार्ममीटेची करा आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का, हे वेगळं विचारा. हीटिंग-पाण्याची रक्कम ही उचल असते. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष वापराचा हिशोब येतो आणि फरक भरावा लागतो किंवा परत मिळतो. घरमालकाने हा हिशोब हिशोबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचा असतो. त्यानंतर त्याला सहसा जादा पैसे मागता येत नाहीत. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी, आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिला आहे. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं आणि पहिल्याच महिन्यात सगळी शिल्लक तिथे अडकते. खोली ताब्यात घेताना भिंती, खिडक्या, फरशीचे फोटो काढून ठेवा. अनामत परत मागायच्या वेळी तेच कामाला येतात.

पूर्ण फ्लॅट बघत असाल तर एक गोष्ट धक्का देईल: पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून फक्त नळाचे पाईप बाहेर आलेले. जाहिरातीत ई-बी-के ही अक्षरं असली तरच बांधलेलं किचन आहे असं समजायचं. नाहीतर आधीचा भाडेकरू त्याचं किचन तुम्हाला विकायला बघतो. ती किंमत बिनधास्त घासाघीस करून ठरवा, कारण त्याला ते उचलून नेणं जास्त महाग पडतं. विद्यार्थ्याने या भानगडीत न पडता वसतिगृह किंवा शेअर्ड फ्लॅट बघावा. वसतिगृहं ष्टुडिएरेन्डेनवेर्क नावाची संस्था चालवते. प्रतीक्षायादी महिनोन् महिने लांबते, म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी अर्ज टाका. जागा न दाखवता, चावी कुरियरने पाठवतो म्हणून आधी पैसे मागणारा प्रत्येक जण भामटा असतो. अपवाद मला अजून भेटलेला नाही.

आता करार. शहरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते मिळणार नसेल तर खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण पुढे टॅक्स नंबर, व्हिसा, सगळं त्यावर अडतं. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत, तर नोकरी लागल्यावर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्स कापला जातो. बाकीच्या बहुतेकांना याचा त्रास नाही.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, पत्र येतं: महिन्याला १८.३६, तीन महिन्यांचे मिळून ५५.०८ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरावे लागतात. पण ही वर्गणी घरामागे एक असते, माणसामागे नाही. फ्लॅटमधला कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीदार क्रमांक कळवून तुमचं खातं बंद करून घ्या आणि त्याला तुमचा वाटा द्या. हे पत्र फसवणुकीचं आहे असं समजून फेकून देणारे दरवर्षी भेटतात. मग दंड चढतो, वसुली अधिकाऱ्याचं पत्र येतं. जर्मनीत महत्त्वाचं सगळं कागदी पत्राने येतं. आठवड्यातून दोनदा टपालपेटी उघडणं ही इथली सगळ्यात मोठी बचत आहे.

फोनला डिस्काउंट सुपरमार्केटची प्रीपेड कार्डं पुरतात. त्यांचं पॅकेज महिन्याचं नसून चार आठवड्यांचं असतं, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे जातात. तरीही दोन वर्षांच्या करारापेक्षा ते बरं. स्वतंत्र फ्लॅट घेतलात तर वीज आपोआप तिथल्या मूळ पुरवठादाराकडून सुरू होते आणि तो दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांची नोटीस देऊन स्वस्त कंपनीकडे जाता येतं. प्रवासाला सेमिस्टर तिकीट बहुतेक विद्यापीठांत फीमध्येच येतं. नोकरी करणाऱ्यांसाठी देशभर चालणारं डॉइचलँड-टिकिट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ झालं. ते महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवलं तर त्या महिनाअखेरीस बंद करता येतं, त्यामुळे सुट्टीत घरी जाताना बंद करायला विसरू नका.

दोन गोष्टींत काटकसर करू नका. पहिली आरोग्य विमा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा मिळतो. खासगी पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून त्यातून एकदा सूट घेतली की तो अभ्यासक्रम संपेपर्यंत परत येता येत नाही. दुसरी हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. इथे अशा नुकसानीला कमाल मर्यादा नाही. सायकल कुणाच्या गाडीला घासली, तुमच्या नळाचं पाणी खालच्या मजल्यावर झिरपलं, तर सगळं तुमच्या अंगावर. महिन्याला पाचेक युरोत झोप नीट लागते.

आणि मास्टर्ससाठी येणाऱ्यांनी एक फाईल पहिल्या दिवसापासून ठेवावी. हे तुमचं दुसरं शिक्षण मानलं जातं, त्यामुळे सेमिस्टर फी, लॅपटॉप, पुस्तकं अशा खर्चाचं विवरण भरून तो तोटा पुढे ओढता येतो आणि नोकरी लागली की करपात्र उत्पन्नातून तेवढी रक्कम वजा होऊन कर कमी होतो. पावत्या नसतील तर काही मिळत नाही. सरकारचं एल्स्टर पोर्टल त्यासाठी फुकट आहे.

हे मार्गी लागलं की जेवणाकडे मोकळ्या मनाने बघता येतं. माझं तत्त्व साधं आहे: जे इथल्या मातीत पिकतं आणि इथल्या डिस्काउंट दुकानात ढिगाने विकलं जातं ते घ्यायचं आणि आपल्या पद्धतीने शिजवायचं. तूरडाळ, भेंडी, आंबा, कढीपत्ता यांचा रोजचा हट्ट धरला तर दोनशेचे साडेतीनशे होतात आणि तरी चव घरची लागत नाही, कारण विमानाने आलेली भेंडी अर्धी जून असते. मसाल्याचा डबा आपला, भाजी-डाळ-दूध इथलं, एवढी वाटणी जमली की झालं.

डाळींपासून सुरू करते. रोटे लिन्झेन म्हणजे आपली मसूर डाळ, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, आणि तुर्की दुकानात मोठ्या पिशवीत आणखी स्वस्त. टेलरलिन्झेन म्हणजे मोठा अख्खा मसूर, त्याची आमटी फक्कड होते. गेल्बे शेलएर्ब्झेन ही वाटाण्याची पिवळी डाळ. ती फारशी कुणी घेत नाही, पण हळद-हिंग घालून शिजवलेलं तिचं वरण पहिल्या घासाला तुरीच्या वरणाच्या बरंच जवळ जातं. बेसन डीएमसारख्या ड्रगस्टोअरमध्ये किशरएर्ब्झेनमेल नावाने मिळतं. तिथे शॅम्पू घ्यायला गेलेला माणूस पिठल्याची सोय करून येतो. उपमा-शिऱ्याला हार्टवाइत्सेनग्रीस घ्या, वाइशवाइत्सेनग्रीसचा उपमा गिच्च होतो. मिल्शराइस हा खिरीसाठी विकला जाणारा बुटका तांदूळ, मऊ वरणभाताला आणि खिचडीला उत्तम, आणि बासमतीहून स्वस्त. जिरे घेताना पुडीवर क्रॉइत्सक्युमेल लिहिलेलं बघा. नुसतं क्युमेल आणलंत तर आमटीला भलताच वास येईल.

पोळीचा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून जरा सविस्तर. पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. राख म्हणजे खनिजं, आणि खनिजं कोंड्यात जास्त. म्हणून ४०५ हा मैदा, १०५० मध्ये कोंड्याकडचा बराच भाग आलेला, आणि फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, त्यावर आकडाच नसतो. लोक पौष्टिक म्हणून फोलकोर्न आणतात, घरच्या सवयीने मळतात, आणि पोळीच्या कडा फाटतात, गार झाली की कडक होते. दोष तुमच्या हाताचा नाही. आपल्या गिरणीत दगडांमध्ये घासून दळताना गव्हातला स्टार्च तुटतो आणि तुटलेला स्टार्च पाणी जास्त धरून ठेवतो, त्याने पोळी मऊ राहते. इथलं पीठ सहसा रोलरवर दळलेलं, त्यात स्टार्च कमी तुटतो आणि कोंड्याचे कण मोठे राहतात. उपाय असा: अर्धं फोलकोर्न आणि अर्धं ५५० मिसळा, फोलकोर्न आधी बारीक चाळणीने चाळा, कोमट पाण्यात कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल मळा, चमचाभर तेल लावून झाकून निदान अर्धा तास विसरून जा. त्या अर्ध्या तासात कोंडा पाणी पितो. सुट्टीच्या दिवशी दिन्केल, म्हणजे स्पेल्ट गव्हाचं १०५० आणून बघा. त्याचं ग्लुटेन ताणलं जातं पण मागे ओढत नाही, त्यामुळे पोळी पातळ लाटली जाते. थोडं महाग पडतं, रोज परवडणार नाही. चक्की आटा भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळतोच, दहा किलोची पिशवी चौघांत वाटून घेतली तर तोही वाईट नाही.

शेगडीबद्दल एक. इथल्या बहुतेक घरांत काचेची विजेची शेगडी असते. तिच्या दोन जाती बाहेरून सारख्याच दिसतात. साध्या सेरान शेगडीवर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, इंडक्शनवर मात्र चुंबक चिकटेल तेच. घरून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर गार तो गारच राहतो. सेरान बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून भात-डाळ शिजत आली की चार-पाच मिनिटं आधीच बंद करा.

दूधदुभत्यात हा देश श्रीमंत आहे आणि दर आपल्याला परवडणारे. मागरक्वार्क नावाचा घट्ट, आंबूस, दह्या-चक्क्याच्या मधला पदार्थ अर्ध्या किलोच्या डब्यात मिळतो. शंभर ग्रॅममागे साधारण १२ ग्रॅम प्रथिनं. शाकाहारी विद्यार्थ्याला याहून स्वस्त प्रथिनांचा स्रोत मला माहीत नाही. साखर, वेलची आणि कोमट दुधातलं केशर घालून डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेल्या क्वार्कचं श्रीखंड दहा मिनिटांत होतं, टांगायची गरज नाही. तुर्की दुकानात किलोच्या बादलीत १० टक्के फॅटचं दही असतं, कढीला आणि ताकाला तेच आणा.

तूप विकत घेऊ नका. बटरचा भाव इथे वर्षभर खालीवर होत असतो. ऑफर लागली की चार-सहा पुडे उचलून फ्रीझरमध्ये टाका. पुड्यावर झाउअररामबुटर लिहिलेलं असेल ते निवडा. ते विरजण लावलेल्या सायीचं असतं, त्यामुळे तुपाला घरच्या लोण्याचा वास येतो. नुसत्या गोड सायीच्या बटरचं तूप बेचव नसतं, पण सपाट लागतं. बटरमध्ये ८२ टक्के स्निग्धांश, म्हणजे पाव किलोच्या पुड्यातून दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, आधी चरचर होईल, फेस वर येईल, मग आवाज हळूहळू थांबतो आणि तळाला बेरी बदामी दिसू लागते. त्याच क्षणी पातेलं शेगडीवरून उचला. नुसतं बटण बंद केलंत तर उरलेल्या उष्णतेत बेरी काळी होते.

भाजीत ऋतू पाळा. हिवाळ्यात कोबी, गाजर, बीट, लीक, होक्काइडो भोपळा आणि फ्रोझन पालक-मटार. होक्काइडोची साल काढावी लागत नाही. वसंतात मुळे, नवलकोल, पालेभाज्या. डिसेंबरात टोमॅटो आणि वांगी हुडकत बसू नका, महाग आणि बेचव. टोमॅटोला डब्यातले सोललेले टोमॅटो वर्षभर एका भावात. इथे लोक कोलराबी म्हणजे नवलकोल घेताना पाला तिथेच पिरगळून खोक्यात टाकतात, लाल मुळ्याचा आणि गाजराचाही. आठवडी बाजारात भाजीवाल्याला तो पाला मागितला तर तो हसून विचारतो, सशासाठी का? हो म्हटलं तरी चालतं, पण मी खरं सांगते. गेल्या काही वर्षांत आमच्या बाजारातली एक बाई मला पाहिली की न विचारता पिशवी भरून देते आणि कृती विचारते. नवलकोलाचा पाला जरा राठ असतो. मधला दांडा काढून बारीक चिरा, भरपूर लसणाची फोडणी, झाकण ठेवून वाफ, आणि शेवटी बेसन भुरभुरून पीठपेराची भाजी. मुळ्याच्या पाल्यालाही हेच. कंद कोशिंबिरीला, पाला भाजीला, दोन वेळचं भागतं. हाच बाजार बंद व्हायच्या सुमारास गेलात तर उरलेली स्ट्रॉबेरी, कोथिंबिरीच्या जुड्या अर्ध्या भावात सुटतात.

खरेदीची वेळ महत्त्वाची. रविवारी दुकानं बंद असतात, अपवाद स्टेशनांवरच्या महाग दुकानांचा. म्हणूनच शनिवारी संध्याकाळी नाशवंत मालावर ३० टक्के सवलतीचं चिकटपट्टीचं लेबल लागतं. दही-क्वार्कवरची तारीख संपली म्हणून घाबरू नका. मिंडेस्टहाल्टबारकाइट्सडाटुम ही उत्तम दर्जाची हमी असलेली तारीख आहे, त्यानंतरही वास-चव बघून खाता येतं. मांस-मासळीवर मात्र वेगळी, वापराची शेवटची तारीख असते, ती काटेकोर पाळा. शेल्फवरच्या लेबलावर मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापणं कायद्याने बंधनकारक आहे. फक्त तोच वाचायची सवय लावा. मसाल्याची छोटी बाटली आणि तुर्की दुकानातली पिशवी यांच्या किलोच्या भावात चौपट-पाचपट फरक दिसेल. साखळी दुकानांचे स्वतःचे ब्रँड, रेवेचं ‘या’, एडेकाचं ‘गुट उंड ग्युन्स्टिश’, बिनदिक्कत घ्या. बाटलीबंद पाणी घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. चुन्याचं प्रमाण जास्त असलेल्या गावात चहावर साय येते, तेवढंच. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅन कधी घेतलेच तर त्यावर २५ सेंट ठेव असते, मशीनमध्ये टाकून परत घ्या.

दुपारी शक्य असेल तेव्हा विद्यापीठाच्या मेन्झात जेवा. विद्यार्थी दरात तीन-चार युरोत पूर्ण ताट, आणि तेवढ्यात वीज आणि वेळ धरता घरी फार स्वस्त होत नाही. शाकाहारी असाल तर यादीतली खूण बघून घ्या. मसुराच्या सूपमध्येही इथे बेकन घालायची पद्धत आहे. संध्याकाळी घरी एकदाच स्वयंपाक, दोन दिवसांची आमटी, रोजचा ताजा भात किंवा पोळ्या.

फुकट अन्नाबद्दल विचारतात म्हणून सांगते. फूडशेअरिंग ही चळवळ २०१२ पासून आहे. तिची कपाटं आणि फ्रीज शहरात ठिकठिकाणी असतात, टाकून दिलं जाणारं चांगलं अन्न तिथे ठेवतात, कुणीही घ्यावं. ताफेल ही अन्नवाटपाची संस्था मात्र वेगळी. ती गरजूंसाठी आहे, उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि खर्चाची सोय आहे असं लिहून देऊन व्हिसा घेतलेल्या माणसाने त्या रांगेत उभं राहू नये, असं मला वाटतं. शरद ऋतूत काही जिल्ह्यांत फळझाडांना पिवळी फीत बांधलेली दिसते. त्या झाडाची सफरचंदं कुणीही तोडून न्यावीत असा मालकाचा संकेत असतो. वसंतात जंगलात बेअरलाउख, म्हणजे रानलसणाची पानं मिळतात, चटणीला झकास. पण तशाच दिसणाऱ्या दोन वनस्पती विषारी आहेत, म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय हात लावू नका.

शेअर्ड किचनमध्ये फोडणी देताना दार बंद, खिडकी सताड उघडी, आणि नंतर शेगडी पुसलेली. निम्मी भांडणं वासापेक्षा तेलकट ओट्यावरून होतात. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. कुकरची वाफ घरात कोंडली तर भिंतीला बुरशी येते आणि ती अनामतीतून कापली जाते.

राहिली बॅग. तूप, पेढे, पनीर, खवा आणू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, कस्टम्सवाले ते काढून घेतात. ताजा कढीपत्ता, मिरच्या, बहुतेक फळं यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता सावलीत पूर्ण वाळवून, कुटून चटणीत घाला आणि ती चटणी आणा. तांदूळ, डाळ, साखर, पीठ यांना किलोभर जागाही देऊ नका. आणायचं ते गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग, चिंच, आमसुलं, थोडं मेतकूट, मिसळणाचा डबा, पोळपाट नको पण लाटणं हवं, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा तीन लिटरचा स्टीलचा कुकर, आणि त्याच्या दोन जादा गास्केट. इथल्या कुकरची गास्केट आपल्या कुकरला बसत नाही. हिवाळी जाकीट इथेच घ्या, जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा क्लाइनआनत्साइगन या छोट्या जाहिरातींच्या साइटवर. तिथेच सायकलही मिळेल, फक्त तिचे पुढचे-मागचे दिवे चालू आहेत ना बघून घ्या, नाहीतर पोलिसांचा दंड सायकलीच्या सौद्यात भर घालतो.